ट्रॅकी का मिटला? छोट्या रीफ टाकीतल्या कोरल ब्यूटीचं प्रकरण

ड्वार्फ एंजल, म्हणजे कोरल ब्यूटीसारखा छोटा सागरी एंजल मासा, प्रवाळांच्या टाकीत ठेवावा का, असं विचारलं की बहुतेक जुने मत्स्यपालक 'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणून मोकळे होतात. ते खोटं नाही. एकाच जातीचे, एकाच आकाराचे दोन मासे घेतले तर एक वर्षानुवर्षं दगड खरवडत राहतो आणि दुसरा पंधरवड्यात प्रवाळांच्या जातकुळीतल्या झोआंथसची वसाहत साफ करतो. पण एवढ्यावर थांबलं तर पाळणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मासा टोचायला लागला आहे हे ओळखायचं कसं, कुठवर थांबायचं, आणि वेळ आलीच तर बाहेर कोणाला काढायचं, हे प्रश्न तसेच राहतात. खालचं प्रकरण याच प्रश्नांचं आहे. पाळणाऱ्याच्या परवानगीने लिहिते आहे. त्याचं नाव बदलून निनाद केलं आहे. तो मला ताई म्हणतो आणि टाकीत काही बिनसलं की फोन करतो, तेवढाच माझा या प्रकरणाशी संबंध.

पार्श्वभूमी

टाकी ७५ बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे १५० लिटर. दगड आणि वाळू वजा जाता पाणी १२० लिटरच्या आसपास. टाकीला दीड वर्ष झालेलं होतं. मागे लहान स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाणी खेळवणारे पंप), वर एलईडी दिवा. मासे मोजकेच होते: ऑसेलारिस क्लाउनची जोडी आणि पिवळा वॉचमन गोबी, त्याच्या बिळातला पिस्टल श्रिम्प (कोळंबी). शिवाय एक क्लीनर श्रिम्प, काही गोगलगायी आणि हर्मिट खेकडे.

प्रवाळांची निवड मात्र या प्रकरणात महत्त्वाची आहे. दगडावर वरच्या बाजूला मॉन्टिपोराचे दोन तुकडे, मधल्या पट्ट्यात हॅमर आणि झोआंथसची तीन-चार रंगांची वसाहत, एका कोपऱ्यात लेदर आणि काही मशरूम. वाळूजवळच्या दगडावर एक लोबोफिलिया, म्हणजे बोलीतला लोबो. आणि वाळूवर सुटा ठेवलेला ट्रॅकीफिलिया, म्हणजेच ट्रॅकी, हिरवा-लाल, दिवसा पूर्ण फुगला की हाताच्या पंजाएवढा. निनादच्या टाकीचं ते मुख्य आकर्षण होतं.

लोबो आणि ट्रॅकी ही दोन्ही मांसल प्रवाळं. सांगाडा कठीण असला तरी वर जाड, रसरशीत ऊतीचा थर असतो आणि त्यावर भरपूर चिकट स्राव. टोचणाऱ्या माशाचं लक्ष सगळ्यात आधी कुठे जाणार, याचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो. मांसल प्रवाळं, झोआंथस आणि ट्रायडॅक्ना शिंपल्याची झालर ही ड्वार्फ एंजलच्या टाकीतली नेहमीची धोक्याची ठिकाणं. लेदरसारखी मऊ प्रवाळं स्वतःच बेचव रसायनं तयार करतात. त्यांच्या वाटेला मासे सहसा जात नाहीत.

मासा का आणि कसा आणला

निनादला टाकीत हालचाल आणि रंग हवा होता. फ्लेम एंजल, बायकलर आणि कोरल ब्यूटी असे तीन पर्याय त्याने पाहिले. बायकलर त्याने लगेच बाद केला, कारण प्रवाळांच्या बाबतीत या वंशातल्या बेभरवशाच्या माशांमध्ये त्याचं नाव पुढे असतं. फ्लेम आणि कोरल ब्यूटीमधून त्याने कोरल ब्यूटी निवडला. शास्त्रीय नाव सेंट्रोपायगे बायस्पिनोसा. हिंदी महासागराच्या आफ्रिकेकडच्या किनाऱ्यापासून मध्य प्रशांतापर्यंत तो सापडतो, पूर्ण वाढला की साधारण १० सेंटिमीटर होतो. आणलेला मासा सहाएक सेंटिमीटरचा होता, समुद्रातून पकडलेला.

आणण्याआधी त्याने मला विचारलं होतं, "ताई, दीडशे लिटरमध्ये चालेल ना?" मी म्हणाले, "मावेल. पण त्याला दिवसभर खायला काय देणार आहेस?" हा प्रश्न मी जरा आग्रहाने विचारते, कारण या माशाची सगळी गुरुकिल्ली त्यात आहे. कोरल ब्यूटी हा शेळीसारखा दिवसभर चरणारा प्राणी आहे. समुद्रात तो दगडांच्या फटींजवळ राहतो आणि शेवाळाचा पातळ थर, त्यातला गाळ, त्यात लपलेले बारीक जीव असं सतत खरवडत असतो. एकदा पोट भरलं आणि झालं, असं त्याचं नसतं.

विलगीकरण निनादने फार चांगलं केलं. ड्वार्फ एंजलना तांब्याची औषधं बरेचदा सोसत नाहीत. म्हणून त्याने पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी टाकी बदलण्याची पद्धत वापरली. दर ७२ तासांनी मासा स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवायचा, असं चार वेळा. परजीवीला माशावरून गळून पुन्हा माशावर चढण्याइतका वेळच मिळू द्यायचा नाही, हे त्यामागचं तत्त्व. त्यानंतर चपट्या कृमींसाठी प्रॅझिक्वांटेल. या काळात मासा गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) नीट खाऊ लागला होता. मुख्य टाकीत सोडतानाही त्याने आधी काही दिवस पारदर्शक जाळीच्या पेटीत ठेवून क्लाउनच्या जोडीला त्याची सवय होऊ दिली.

काय बिघडलं

पहिला दीड महिना दृष्ट लागावी असा गेला. दीड वर्षाच्या दगडांवर तपकिरी-हिरवा थर होता, मासा सकाळपासून त्यावर तुटून पडायचा. प्रवाळांना ढुंकून पाहत नव्हता. निनादने मला व्हिडिओ पाठवला, त्यात ट्रॅकीच्या अगदी वरून मासा जातो आणि ट्रॅकी हलतही नाही.

याच सुमारास दोन गोष्टी झाल्या. दगडांवरचा थर संपत आला. आणि काचेवर शेवाळ फार येतं म्हणून निनादने फॉस्फेट शोषणारं जीएफओ माध्यम सुरू केलं. फॉस्फेट ०.०८ पीपीएमवरून ०.०२ च्या खाली गेलं, नायट्रेट दहाच्या जवळ होतं ते दोनवर आलं. दगड स्वच्छ दिसू लागले. पाळणाऱ्याला ते आवडतं, पण चरणाऱ्या माशाचं कुरणच गेलं होतं.

मग एके दिवशी ट्रॅकी अर्धा मिटलेला दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. आठवडाभरात तो दिवसा उघडेनासा झाला. रात्री दिवे गेल्यावर मात्र अन्न पकडणाऱ्या शुंडिका बाहेर काढायचा. झोआंथसच्या वसाहतीत एका कडेची तोंडं बंद राहू लागली. लोबो ठीक होता.

संशयित चार

प्रकरणाचा खरा पेच इथे सुरू होतो. निनादने पहिल्यांदा पाण्यावर संशय घेतला. अल्कलिनिटी ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४२०, क्षारता ३५, तापमान २५.५ अंश. सगळं जागेवर. तरी त्याने अल्कलिनिटी थोडी वाढवली. फरक पडला नाही म्हणून दिव्याची तीव्रता कमी केली. मग वेव्हमेकरची दिशा बदलली. प्रत्येक बदल समजूतदारच होता, पण तीन आठवड्यांत तीन बदल केल्यामुळे काय कशाने होतंय हे कळण्याची सोय राहिली नाही.

फोनवर आम्ही यादी केली. पहिला संशयित पाणी, त्यातही अन्नद्रव्यं एकदम खाली गेल्याचा ताण. प्रवाळाच्या ऊतीत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं, ते शून्याजवळ गेलं की प्रवाळ फिकट आणि कृश होऊ शकतं. शिवाय अशा भुकेल्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय जीवांचा चिकट तपकिरी थर येण्याचा धोका असतो, तो वेगळाच. दुसरा संशयित प्रकाश आणि प्रवाह. तिसरा क्लीनर श्रिम्प. हे नाव निनादला अजिबात पटलं नाही, पण ट्रॅकीला रात्री खाऊ घातल्यावर त्याच्या तोंडात हात घालून मायसिस ओढून काढणारे क्लीनर श्रिम्प मी पाहिले आहेत. त्यात ऊती फाटते. आणि चौथा अर्थातच एंजल.

"पण ताई, मी रोज तासभर समोर बसतो. एकदाही टोचताना दिसला नाही."

इथेच बहुतेकांची फसगत होते. माणूस काचेसमोर आला की मासा अन्नाच्या आशेने पुढे येतो, नाहीतर दगडाआड जातो. आपल्यासमोर तो चरतच नाही. शिवाय निनादचं बसणं रात्री, मासे खाऊन तृप्त झाल्यावर. म्हणून त्याने जुना फोन स्टँडवर लावून दिवसाचे तुकडे रेकॉर्ड केले.

पहिल्याच दिवसाच्या चित्रीकरणात मासा दिसला. दुपारनंतर तो ट्रॅकीच्या कडेला जायचा, एकदोनदा टोचायचा आणि निघून जायचा. लचका तोडल्यासारखं काही नव्हतं. प्रवाळावरचा चिकट स्राव आणि त्याला अडकलेला गाळ खाल्ल्यासारखं ते दिसत होतं. एकेक टोच पाहिली तर निरुपद्रवी वाटावी अशी. पण प्रत्येक टोचीला ट्रॅकी आक्रसत होता आणि पुन्हा फुगायला त्याला बराच वेळ लागत होता. तेवढ्यात पुढची टोच. अशाने दिवसभर तो मिटलेलाच राहतो. मिटलेल्या ऊतीला प्रकाश कमी मिळतो, शैवालाकडून मिळणारं अन्न घटतं, आणि उपासमारीने ऊती सांगाड्यावर ताणली जाऊन पातळ होते. जखम न करताही मासा प्रवाळ मारू शकतो तो असा.

टोपलीची चाचणी

मासा टोचतो हे दिसलं, पण ट्रॅकी त्याच्यामुळेच मिटला आहे हे सिद्ध झालं नव्हतं. आधीच आजारी पडलेल्या प्रवाळावर जास्त स्राव येतो आणि त्यामुळे मासे त्याच्याकडे ओढले जातात, असंही होतं. कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात.

यावर सोपी चाचणी आहे. ट्रॅकीवर मोठ्या छिद्रांची प्लास्टिकची टोपली उपडी घालायची, वर दगड ठेवायचा आणि बाकी काहीही बदलायचं नाही. पाणी तेच, खाद्य तेच, दिवा तोच. टोपलीने प्रकाश आणि प्रवाह थोडा कमी होतो, पण ट्रॅकीला दोन्ही मध्यमच लागतात, त्यामुळे या प्रवाळासाठी ती अडचण मोठी नाही. एसपीएस, म्हणजे मॉन्टिपोरासारखं बारीक तोंडांचं, जास्त प्रकाश आणि प्रवाह लागणारं प्रवाळ असतं तर मी हा मार्ग सुचवला नसता.

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ट्रॅकी पाऊणएक फुगला. चौथ्या दिवशी पूर्ण. टोपली काढली, तर त्याच दुपारी पुन्हा मिटला. निनादने पुन्हा टोपली घातली, पुन्हा उघडला. पाणी आणि प्रकाश यांच्यावरचा संशय एवढ्यात फिटला.

फक्त एक गोष्ट शिल्लक होती. टोपली श्रिम्पलाही आत येऊ देत नाही. म्हणजे चाचणीने एवढंच सांगितलं की टाकीतलं कोणीतरी त्याला हात लावतंय. त्यासाठी लाल प्रकाशात रात्रीचं चित्रीकरण केलं. श्रिम्प ट्रॅकीकडे फक्त खाऊ घातलेल्या रात्री गेला, एरवी नाही. आणि ट्रॅकी मिटत होता तो खाऊ न घातलेल्या दिवसांतही. श्रिम्प सुटला. ही पायरी अनेकजण गाळतात. प्रवाळाला खाऊ घातल्यावर तासभर टोपली झाकायची सवय निनादला यातूनच लागली.

समोर असलेले पर्याय

मासा काढायचा, हा सगळ्यात सरळ पर्याय. अडचण दुहेरी. पहिली म्हणजे पकडायचा कसा. दगड सिमेंटने जोडलेले, फटी असंख्य, आणि ड्वार्फ एंजलला प्रत्येक बोगदा तोंडपाठ असतो. दुसरी म्हणजे द्यायचा कोणाला. निनादच्या ओळखीत एकाची ५०० लिटरची, दीड मीटर लांबीची जुनी टाकी होती, त्यात बहुतेक लेदर आणि मशरूम. तो मासा घ्यायला तयार होता, म्हणून हा पर्याय कागदावरच राहिला नाही. तशी सोय नसताना 'काढून टाकू' म्हणणं म्हणजे मासा कुठेतरी लोटून देणंच झालं असतं.

ट्रॅकी हलवायचा, हा दुसरा पर्याय. तो वाळूवर सुटाच असल्याने उचलायला मिनिटही लागत नाही. माशाला मात्र पुढचं खाद्य शोधायला मोकळीक मिळते.

माशाचं पोट भरायचं, हा तिसरा. निनाद माशांना दिवसातून एकदाच, रात्री नऊच्या सुमारास खायला देत होता. क्लाउनला ते पुरतं. चरणाऱ्या माशाला सकाळपासून रात्रीपर्यंतची उपासमार आणि त्यात दगड स्वच्छ. टोचणं दुपारनंतर वाढत होतं, याचा अर्थ सरळ होता. पण खाद्य वाढवलं की नायट्रेट-फॉस्फेट वाढणार, आणि १२० लिटर पाण्यात ते लवकर वाढतं.

मोठी टाकी घ्यायची हाही विषय निघाला, निनादनेच काढला. मी त्याला लगेच सांगितलं की माशाची सवय सुटावी म्हणून टाकी घेऊ नकोस. नव्या टाकीतले कोरे दगड जुन्यापेक्षाही उपाशी असतात.

माझं मत मासा काढावा असं होतं. ट्रॅकी, झोआंथस आणि लोबो तिन्ही असलेल्या एवढ्याशा टाकीत ती प्रवाळं माशाच्या तोंडासमोरच राहणार, दूर ठेवायला जागाच नाही. निनादचं म्हणणं होतं की चूक माशाची नाही, त्याला उपाशी ठेवलं गेलं. आधी ते सुधारून पाहू आणि मगच ठरवू. हा युक्तिवाद मला मान्य करावा लागला, आजही तो मला योग्यच वाटतो. फक्त मी एक अट घातली: मर्यादा आत्ता लिहून ठेव. ट्रॅकीचा सांगाडा कुठेही उघडा पडला तर ट्रॅकी किंवा मासा, एक बाहेर. दुसऱ्या प्रवाळावर जखम दिसली तर मासा बाहेर, चर्चा नाही. माशावर जीव जडला की आपण रोज थोडं जास्त नुकसान सोसायला शिकतो, म्हणून हे आधीच ठरलेलं बरं.

काय केलं

जीएफओ बंद केलं. फॉस्फेट हळूहळू ०.०५ च्या वर आलं, दगडांवर पुन्हा थर धरू लागला. काच पुसायचं काम वाढलं, ते निनादने आनंदाने केलं.

खाद्य दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी चिमूटभर. दुपारच्या दोन वेळा ऑटो फीडरमधून स्पिरुलिनायुक्त दाणे, रात्री मायसिस आणि स्पंज असलेलं एंजल खाद्य. स्पंज हा एंजल कुळातल्या माशांच्या नैसर्गिक आहाराचा भाग आहे, म्हणून ते. सोबत नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली पट्टी. क्लिपला लावलेल्या नोरीकडे माशाने पाहिलंही नाही. मग निनादने तीच नोरी एका छोट्या दगडाला रबरबँडने गुंडाळून टाकीत ठेवली. दोन दिवसांत मासा ती खरवडू लागला. दगडावरून खायचं त्याला ठाऊक होतं, पाण्यात तरंगणारी पट्टी हे अन्न आहे हे ठाऊक नव्हतं.

पाणी बदल दर आठवड्याला दहा टक्के केला आणि स्किमर थोडा ओला चालवला, म्हणजे जास्त पातळ फेस बाहेर काढू दिला. नायट्रेट पाच ते दहामध्ये राहिलं.

झोआंथस पंधरा दिवसांत उघडले. चित्रीकरणात टोचणं स्पष्ट कमी झालेलं दिसलं. पण ट्रॅकीची गोडी गेली नाही. जेवणांच्या मधल्या वेळात मासा एखादी फेरी तिकडे मारायचाच, आणि कृश झालेल्या ट्रॅकीला एखादी फेरीही भारी पडत होती. एका कडेला ऊती मागे सरली आणि सांगाड्याच्या पांढऱ्या पाकळ्या उघड्या पडल्या.

पहिली मर्यादा ओलांडली गेली. निनादने ट्रॅकी हलवायचं ठरवलं. ४० लिटरच्या विलगीकरण टाकीत हीटर, छोटा पंप आणि दिवा लावून तो तिथे ठेवला. आधी त्या टाकीचं पाणी मुख्य टाकीच्या पाण्याशी जुळवून घेतलं, हे महत्त्वाचं. त्या अवस्थेतल्या प्रवाळाला क्षारतेचा धक्काही सोसला नसता. उघड्या सांगाड्यावर तपकिरी जेलीसारखा थर येतो का, हे रोज पाहायचं असं ठरलं, कारण तो संसर्ग आला तर काही दिवसांत सगळं प्रवाळ जातं. सुदैवाने आला नाही.

काही आठवडे शांततेत गेले. निनाद खूश होता. मी पण जवळपास मान्य केलं होतं की खाद्याने काम झालं. मग लोबोच्या एका कडेला बोटाच्या नखाएवढा चट्टा दिसला. फोनचं चित्रीकरण पुन्हा लावलं, आणि मासा आता लोबोवर जात होता. ट्रॅकी काढल्याने सवय गेली नाही, फक्त तिचं ठिकाण बदललं. दरवेळी असंच होतं असं मी म्हणणार नाही. काही मासे एकाच प्रवाळाच्या मागे असतात आणि ते हललं की विषय संपतो. पण मांसल प्रवाळावर काय मिळतं हे एकदा कळलेल्या माशासमोर दुसरं मांसल प्रवाळ ठेवणं जोखमीचं, आणि निनादची दुसरी मर्यादा लिहिलेली होती. त्याने मला विचारलं नाही. नुसतं कळवलं, "ताई, पेटी लावतोय."

मासा पकडणं

पेटी म्हणजे सुरुवातीला सवय होण्यासाठी वापरलेलीच पारदर्शक पेटी, तिला आता सरकतं दार आणि दाराला मासेमारीची दोरी. दार उघडं ठेवून ती टाकीत ठेवली आणि खायला फक्त पेटीजवळ, मग पेटीत. पहिले दोन दिवस क्लाउनच आत घुसायचे. यावर निनादने काढलेली युक्ती मला फार आवडली. त्याने नोरी गुंडाळलेला तोच दगड पेटीच्या तळाशी ठेवला. क्लाउनला नोरीशी देणंघेणं नाही, एंजलला आता तिची चटक. आठवड्याच्या आत मासा पेटीत निवांत चरू लागला. त्यानंतरही निनादने घाई केली नाही. सलग काही दिवस त्याला निर्धास्तपणे आत-बाहेर करू दिलं आणि मग एका सकाळी दार सोडलं.

एंजलच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात एक मजबूत काटा असतो. तो जाळ्यात अडकला तर सोडवताना मासा जखमी होतो. म्हणून जाळं वापरलंच नाही. पेटीसकट पाण्यातून वर घेतला आणि डब्यात ओतला.

निष्पत्ती

नव्या टाकीतही त्याला आधी पेटीत ठेवलं, कारण तिथला टँग मासा नवख्यांवर शेपटीचं पातं उगारतो. तीन दिवसांनी सोडला. त्या टाकीत वर्षानुवर्षांचे शेवाळलेले दगड आहेत, मांसल प्रवाळ एकही नाही. लेदर आणि मशरूमला तो हात लावत नाही. टाकीच्या मालकाने तिथे ट्रायडॅक्ना किंवा लोबो ठेवायचा नाही असं स्वतःहून ठरवलं आहे.

निनादच्या लोबोचा चट्टा महिन्याभरात भरला. झोआंथसची वसाहत पूर्वीपेक्षा दाट झाली. ट्रॅकीला वेळ लागला. रात्री आठवड्यातून दोनतीनदा बारीक केलेला मायसिस, टोपली झाकून. ऊती काही महिन्यांत पुष्कळशी पुढे आली, पण ज्या भागावर शेवाळ बसलं तिथे ती परतली नाही. एक कड कायमची गेली. तो मुख्य टाकीत परत आला आहे आणि दिवसा पूर्ण फुगतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा फरक पडला असता तो चित्रीकरण आधी केल्याने. पाणी, दिवा आणि प्रवाह बदलण्यात गेलेले तीन आठवडे ट्रॅकीने उपाशीपोटी काढले. टोपली पहिल्या आठवड्यात घातली असती तर ऊती मागे सरण्याआधी उत्तर मिळालं असतं. चाचणी फुकट आहे आणि उलट करता येते. मोजमापं जागेवर असतील आणि प्रवाळ तरीही दिवसा मिटत असेल, तर मी आता सगळ्यांना हेच आधी करायला सांगते.

दुसरं, मासा आल्यावर दगड स्वच्छ करायला घ्यायचे नाहीत. जीएफओ वाईट नाही, पण चरणाऱ्या माशाच्या टाकीत ते लावायचं तर फॉस्फेट किती खाली न्यायचं हे ठरवून, थोड्या मात्रेत. आणि नोरी दगडावर बांधून पहिल्या दिवसापासून. मासा प्रवाळाकडे वळल्यावर त्याला नवं अन्न शिकवणं शक्य आहे, पण म्हणून प्रवाळाची चव तो विसरत नाही.

तिसरं जातीबद्दल. एवढ्या टाकीत एंजलच हवा असेल तर पश्चिम अटलांटिकमधला सेंट्रोपायगे आर्गी, म्हणजे चेरब, किंवा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचा अकँथॉप्स मी आधी पाहीन. दोन्ही साधारण आठ सेंटिमीटरपर्यंतच वाढतात. टोचण्याची खात्री त्यांचीही देता येत नाही, आणि चेरब आकाराच्या मानाने चांगलाच भांडखोर असतो, गोबीसारख्या शांत माशाला त्रास देऊ शकतो. समुद्रातून न पकडता टाक्यांत पैदास करून वाढवलेले ड्वार्फ एंजल आता काही जातींत मिळतात. ते दाणे पहिल्या दिवसापासून खातात, समुद्रातून काढताना होणारा छळ त्यांच्या वाट्याला येत नाही, त्यामुळे मिळत असतील तर तेच घ्यावेत. चरण्याची वृत्ती मात्र त्यांच्यातही तीच असते.

चौथ्या गोष्टीवर निनादचं आणि माझं अजून एकमत नाही. मला वाटतं ट्रॅकीचा सांगाडा दिसला तेव्हाच मासा निघायला हवा होता, म्हणजे लोबोची जखम टळली असती. तो म्हणतो की मधल्या आठवड्यांमुळेच त्याला कळलं की खाद्य सुधारूनही हा मासा या प्रवाळांसोबत राहू शकत नाही. ते न पाहता काढला असता तर पुढच्या वेळी पुन्हा कोरल ब्यूटीच आणला असता. सध्या त्याच्या टाकीत एंजल नाही. पेटी धुऊन, दोरीसकट टाकीखालच्या कपाटात ठेवलेली आहे. पुढे कुठलाही मासा आणला तरी ती पहिल्या महिनाभर टाकीतच, उघड्या दाराने ठेवायची आणि रोजचं एक खाणं तिच्यात द्यायचं, असं त्याने ठरवलं आहे.